सवय झालेला आवाज

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, "बरा आहेस ना रे?" बरा आहे. फक्त नखांत अजून काळं ग्रीस आहे, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली आहेत, आणि सोमवारी ऑफिसात "वीकेंड कसा गेला?" या प्रश्नाला सलग तीन आठवडे मी "गाडीखाली" एवढंच उत्तर दिलं आहे.

गाडी म्हणजे माझी माझ्दा मियाटा, मॉडेल १९९९. (हो, "माझी माझ्दा" हा विनोद करून झालाय. आईने पहिल्या दिवशीच करून टाकला.) माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोन सीट, छप्पर हाताने मागे टाकायचं, १.८ लिटरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम टनभर. सरळ रस्त्यावर आजची एखादी साधी फॅमिली गाडीसुद्धा हिला मागे टाकेल. पण वळणावर हिच्यासारखी गाडी नाही. स्टिअरिंग बोटभर फिरवलं की पुढची चाकं नेमकी कुठे आहेत हे तळहाताला कळतं. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली मियाटा दाखवली तेव्हा कल्पना अशी होती की साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांची मजा द्यायची, फक्त त्यांच्यासारखं रस्त्यात बंद पडायचं नाही. कल्पना लोकांना इतकी आवडली की २०१६ साली दहा लाखावी मियाटा कारखान्यातून बाहेर पडली. मला माझी चार वर्षांपूर्वी मिळाली. तेव्हा माझ्या रूममेटने घेतलेली सेकंडहँड कोरोला हिच्यापेक्षा महाग होती! स्पोर्ट्स कार म्हणजे बड्या बापांच्या पोरांचं काम, असं समजणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो.

तर सांगायचा मुद्दा गाडीचा नाहीये. मुद्दा एका आवाजाचा आहे.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला. अपार्टमेंटच्या गेटवर बुटका स्पीडब्रेकर आहे, त्यावरून हळू गेलं की "टक्". खड्ड्यातून गेलं की "टक्-टक्". वेगात असताना काही नाही. पहिल्या आठवड्यात मी खिडकी उघडून कान देऊन ऐकायचो. दुसऱ्या आठवड्यात बायकोला ऐकवला. महिन्याभराने गाण्यांचा आवाज दोन घरं वाढवला. त्यानंतर कोणी विचारलं तर "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" असं मोठ्या अभिमानाने सांगायला लागलो. आणि मग एक दिवस तो आवाज मला ऐकूच येईनासा झाला. आवाज थांबला नव्हता, मी थांबलो होतो ऐकायचा.

मध्ये एक शहाणपणाही केला. इथे तिथे वाचून ठरवलं की शॉक ॲब्सॉर्बर गेले असणार. पंचवीस वर्षांची गाडी, जवळजवळ दोन लाख किलोमीटर झालेले, म्हणजे शॉकच, दुसरं काय! चांगल्यातले चार शॉक मागवले, साडेपाचशे डॉलर मोजले, वर बसवायची मजुरी दिली. गाडी घेऊन गॅरेजबाहेर पडलो. पहिला स्पीडब्रेकर.

टक्.

च्यायला!

आता बघा, मी काही अडाणी माणूस नाही. पुण्यातून इंजिनिअरिंग केलं, मग इथे ओहायोत येऊन एमएस. पोटापाण्यासाठी करतो काय, तर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधली गडबड शोधतो. एखाद्या ज्युनिअरने लॉग न बघता "डेटाबेसच स्लो असणार" म्हणून डेटाबेस बदलला असता, तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं. आणि स्वतःच्या गाडीबाबत मी नेमकं तेच केलं. तपासलं काहीच नाही. अंदाज केला, त्या अंदाजावर पैसे खर्च केले, आणि पैसे खर्च केले म्हणून काहीतरी केल्याचं समाधान मिळवलं. त्यानंतर आवाज राहिलाच, तर त्याच्याशीही जमवून घेतलं.

याला एक भारदस्त नाव आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं, ज्याला ओ-रिंग म्हणतात, थंडीत कडक झालं आणि गरम वायू अडवू शकलं नाही, हे कारण बहुतेकांना माहीत असतं. त्यामागची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ही कडी जळल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांनंतरही सापडल्या होत्या. पहिल्यांदा सापडल्या तेव्हा चिंता वाटली. यान सुखरूप परत आलं. पुन्हा सापडल्या, पुन्हा यान परत आलं. हळूहळू "असं होतं कधीकधी" हेच नॉर्मल झालं. डायेन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला नाव दिलं. साध्या मराठीत सांगायचं तर, चूक अंगवळणी पडणं. कोणी मुद्दाम निष्काळजीपणा करत नाही. रोज थोडं थोडं चालवून घेतलं जातं, आणि काल काही झालं नाही हाच आजचा पुरावा होतो.

आमच्याकडे ऑफिसात रात्री तीनला येणाऱ्या अलर्टचं हेच होतं. पहिल्या वेळी चार माणसं उठून बसतात. दहाव्या वेळी कोणीतरी त्यावर "नोन इश्यू" असं लेबल लावतं. लेबल लावलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

असो. माझं लेबल काढलं ते एका काकांनी. रक्ताचे काका नव्हेत, मराठी मंडळाचे. १९८६ साली इकडे आले, आता रिटायर झालेत. घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे, त्यात गाडी एकच आणि बाकी सगळी हत्यारं. मंडळाच्या कार्यक्रमाहून येताना त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. त्यांच्या ड्राइव्हवेवर चढताना "टक्" झालं.

"हे काय रे?"

"काही नाही काका, सवयीचा आवाज आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "सवय तुला झालीये. गाडीला नाही. रविवारी सकाळी आठला ये. चहा पिऊनच ये, इथे मिळणार नाही." (चहा मिळाला. तीनदा. वर पोहे.)

आता थोडं तांत्रिक. कंटाळा करू नका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

मियाटाच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन हात असतात, एक वर, एक खाली. याला डबल विशबोन म्हणतात. दोन्ही हात आतल्या बाजूला बोल्टांनी सांगाड्याला धरलेले असतात, आणि त्या जागी रबराचे बुश असतात. बाहेरच्या टोकाला चाकाचा भार पेलणारा लोखंडी तुकडा, म्हणजे नकल, आणि तो हातांना जोडणारे बॉल जॉइंट. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा समजा. वाटीत गोळा, मध्ये वंगण, वरून रबरी टोपी. चाक वरखालीही व्हायला हवं आणि वळायलाही हवं, म्हणून हा सांधा. या गाडीत स्प्रिंग खालच्या हातावर बसते. म्हणजे गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन स्प्रिंगमधून खालच्या हातात, तिथून खालच्या बॉल जॉइंटमधून चाकात जातं. वरचा सांधा नुसता दिशा धरतो, खालचा भार वाहतो.

काकांनी आधी कोणताही पाना हातात घेतला नाही. चाक काढलं, आणि सगळं हाताने हलवायला लावलं. "एकेक धर आणि हलव. जे हलायला नको ते हललं की सांग." पाचव्या मिनिटाला सापडलं! गाडी वळणात कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा असतो, अँटी-रोल बार. त्याच्या टोकाला एक वीतभर लांबीची कडी असते, लिंक रॉड. ती माझ्या दोन बोटांत खुळखुळ्यासारखी वाजली. टक्-टक्. सात महिने ज्याच्यावर गाणी लावली तो आवाज हा. किंमत? दोन्ही बाजूंच्या मिळून पन्नास डॉलरच्या आत. आणि गंमत म्हणजे, ही कडी पार तुटली असती तरी गाडी वळणात थोडी जास्त कलंडली असती, एवढंच.

मी खूश. म्हटलं, चला, पंधरा मिनिटांचं काम.

काका म्हणाले, "आता आलोच आहोत गाडीखाली, तर बाकीचं बघून घेऊ."

चाक परत लावलं. जॅक खालच्या हाताच्या टोकाशी लावून चाक जमिनीपासून बोटभर उचललं. गाडी जॅक स्टँडवर होतीच. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कधीही जाऊ नका. हे वाक्य दोनदा वाचा.) काकांनी टायरखाली छोटी पहार घातली आणि मला सांगितलं, खालच्या सांध्यावर बोट ठेव. पहार वर दाबली. बोटाला काहीतरी सरकल्यासारखं लागलं. आवाज नाही. नुसतं सरकणं, चाकाबरोबर सांध्याचा गोळा वाटीत हलतोय असं.

"बेअरिंग असेल," मी म्हटलं. म्हणजे तशी आशा होती.

"आत बसून ब्रेक दाब." मी दाबला. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ढिलाई बेअरिंगची असेल तर ती नाहीशी होते. काकांनी पुन्हा पहार दाबली. चाक तसंच हललं.

टॉर्च घेऊन बघितलं तर रबरी टोपी अर्धी फाटलेली. वंगण केव्हाच वाहून गेलेलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी किती हिवाळे त्या वाटीत जात होतं कोण जाणे.

हा सांधा निखळला तर काय होतं? चाक बाहेरच्या बाजूला आडवं होतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो. पार्किंगमध्ये झालं तर टोइंगचा खर्च. वेगात झालं तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

त्याच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं हॉकिंग हिल्सला गेलो होतो. कोलंबसपासून तासाभरावर आहे, डोंगरातले वळणावळणांचे रस्ते, छप्पर उघडं. बायको शेजारी बसून "अजून थोडं जोरात" म्हणत होती. आणि मीही गेलो होतो, जोरात. ती गोष्ट त्या गॅरेजच्या फरशीवर उताणं पडून आठवली. पोहे खाल्लेले घशाशी आले.

हेच मला आज सांगायचंय. जो भाग आवाज करत होता तो निरुपद्रवी होता. जो जिवावर बेतला असता तो गप्प होता. आवाज ही फक्त "खाली वाकून बघ" अशी हाक होती, आणि मी सात महिने तिला ओ दिली नाही. लिंक रॉड वाजली नसती तर काकांनी विचारलं नसतं, आणि विचारलं नसतं तर... असो.

पुढचे तीन वीकेंड कामाचे. सगळं सांगत बसत नाही, पण तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली. बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या निमुळत्या भोकात इतका घट्ट बसलेला असतो की नट काढला तरी सुटत नाही. मला वाटलं, ठोका दांड्यावर. काकांनी हातोडा काढून घेतला. नट तीन-चार आटे ठेवला, म्हणजे सुटल्यावर सगळं अंगावर येणार नाही, आणि घाव घातला तो नकलच्या कानावर, बाजूने. एक. दोन. तिसऱ्याला "ठण्ण" करून सुटलं. भोकाची कड क्षणभर लवते आणि पकड जाते. "जो अडकलाय त्याला मारू नकोस, ज्याने धरलंय त्याला मार," काका म्हणाले. हे वाक्य मी ऑफिसच्या व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलंय. कोणाला वाचता येत नाही, ते बरंच आहे.

दुसरी. खालच्या हातांचे बुशही तडकलेले होते, म्हणून दोन्ही हात काढायचे ठरवले. त्या हातांचे आतले बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्याशी एक तिरकस चकती असते, ती फिरवून चाकाचा कोन जुळवतात. दोन वर्षांपूर्वी अलाइनमेंटवाल्याने मला सांगितलं होतं, "बोल्ट गंजून अडकलेत, कोन जुळत नाही." मी काय केलं? पावती घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. टायर आतल्या कडेला जास्त झिजत होते तेही "जुनी गाडी आहे" मध्ये गेलं. आता ते बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजाने एकजीव झाले होते. तेल घातलं, रात्रभर ठेवलं, तापवलं, ठोकलं. शेवटी इलेक्ट्रिक करवतीने कापले. चार बोल्ट, पूर्ण शनिवार. दोन वर्षांपूर्वी ती पावती नीट वाचली असती तर निदान निम्मे सुटले असते, असं काकांचं मत. गंज व्याज लावतो, आणि ते चक्रवाढ असतं.

तिसरी चूक पूर्णपणे माझी. नवे हात, नवे बुश, नवे जॉइंट बसवले आणि मोठ्या उत्साहात सगळे बोल्ट टॉर्क रेंच लावून अगदी पुस्तकातल्या आकड्यापर्यंत घट्ट केले. गाडी जॅक स्टँडवरून खाली उतरवली तर नाक वर करून उभी! पुढून बोटभर उंच. कारण बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट घट्ट केला की नळी जागीच पकडली जाते आणि हात हलताना रबर पिळवटतं. मी चाकं लोंबकळत असताना घट्ट केलं, म्हणजे त्या रबराची "आरामाची" स्थिती लोंबकळण्याची ठरली. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहणार आणि वर्षा-दोन वर्षांत फाटणार. योग्य रीत अशी की बोल्ट आधी हलकेच लावायचे, चाकांवर पूर्ण वजन येऊ द्यायचं, आणि मग आवळायचे. काकांनी चाकांखाली लाकडी ठोकळे रचले, वजन ठोकळ्यांवर घेतलं आणि मी खाली सरपटत जाऊन सगळं पुन्हा सैल करून पुन्हा आवळलं. आकडा बरोबर होता. आकडा कुठल्या स्थितीत लावायचा, ते मी वाचलं नव्हतं.

शेवटी अलाइनमेंट. या वेळी कोन जुळले.

आता ज्या वादासाठी हे लिहायला घेतलं तो. ऑफिसात आणि घरीही, सगळ्यांचं एकच म्हणणं. "एवढे पैसे आणि तीन वीकेंड घालवून काय मिळालं? विकून टाक, नवीन घे." हिशेबाने त्यांचं चुकत नाही. माझे तास पगाराच्या दराने मोजले तर त्यात आणखी एक मियाटा आली असती. जुनी गाडी स्वतः दुरुस्त करणं स्वस्त पडतं, असं मी म्हणणार नाही. पण नवीन घेतल्याने माझा प्रश्न सुटला असता का? नवी गाडीही सहा-सात वर्षांत जुनी होते. माणूस तोच राहतो, आवाज आला की गाणी मोठी करणारा.

दुसऱ्या बाजूला माझ्या वयाचे हौशी लोक. जुनी मियाटा घेतात आणि पहिल्याच महिन्यात गाडी खाली बसवणारे कॉइलओव्हर, कडक बुश, रुंद टायर. ताकद वाढवायची, पकड वाढवायची. आणि ती सगळी पकड येऊन लटकते पंचवीस वर्षांच्या एका फाटक्या टोपीच्या सांध्यावर. माझं स्पष्ट मत आहे, की जुन्या गाडीत नवीन काही घालण्याआधी जुनी ढिलाई काढा. फोटोत ते दिसत नाही, पार्किंगमध्ये कोणी विचारत नाही, पण गाडी "नव्यासारखी" वाटायला लागते ती त्यानेच. माझी आज जशी वळते तशी मी घेतली तेव्हाही वळत नव्हती. त्यातली किती करामत साडेपाचशेच्या शॉकची आणि किती शंभर डॉलरच्या सांध्यांची, विचाराल तर मी सांध्यांना झुकतं माप देईन.

आणि तिसरे म्हणजे "सगळंच बदलून टाक" म्हणणारे. आम्ही वरचे बॉल जॉइंट बदलले नाहीत. ते वरच्या हाताबरोबरच येतात, महाग असतात, आणि पहार लावून बघितलं तर खणखणीत निघाले. जे चांगलं आहे ते चांगलं आहे हे ठरवायलाही बघावंच लागतं. न बघता काहीच न करणं आणि न बघता सगळं बदलणं, यात मला फार फरक दिसत नाही. एकात आळस आहे, दुसऱ्यात पैसे आहेत.

बघणार कोण, हा खरा प्रश्न. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. ओहायोत अशी वार्षिक तपासणी नाही. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, आणि फिटनेसचा प्रश्न त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी येतो. म्हणजे पहिली पंधरा वर्षं तुमच्या गाडीचा इन्स्पेक्टर तुम्हीच. सर्व्हिसिंगला दिली की ऑइल, फिल्टर आणि धुऊन मिळते. चाक धरून कोणी हलवलं का, विचारून बघा.

पुण्या-मुंबईत माझे बरेच मित्र सध्या सेकंडहँड गाड्या घेतायत, म्हणून त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे स्प्रिंग स्ट्रटवर बसते, खाली एकच लोअर आर्म आणि एक बॉल जॉइंट. त्यामुळे तपासायची पद्धत मियाटाच्या उलट. गाडी सांगाड्याच्या जॅक पॉइंटवर उचला, स्टँड लावा, चाक मोकळं लोंबू द्या. मग चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, पुढे-मागे हलवा. ढिलाई लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ब्रेक दाबून पुन्हा बघा. मग तीन आणि नऊवर धरून हलवा, तिथे लागली तर बहुधा टाय रॉड एंड. रबरी टोप्या टॉर्चने बघा. बुशला चिरा आहेत का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. एवढंही करायचं नसेल तर मेकॅनिकला समोर उभं राहून करायला लावा. त्याला राग येणार नाही. आलाच तर मेकॅनिक बदला.

बदलायचं काम मात्र सगळ्यांनी स्वतः करावं असं मी म्हणत नाही. दाबलेली स्प्रिंग हात तोडू शकते, म्हणून शॉक मी पैसे देऊन बसवून घेतले, आणि तेवढं एक बरोबर केलं. बघायला धाडस लागत नाही, थोडी लाज सोडावी लागते. कारण बघितलं की कळतं, आपण किती दिवस बघितलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी हात धुऊन घरी फोन लावला. आईला सगळं रंगवून सांगितलं. खुब्याचा सांधा, फाटलेली टोपी, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग मी सहज विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" दोन वर्षांपासून जिना चढताना तिचा गुडघा कटकट वाजतो. मला माहीत आहे. दर फोनवर विचारतो आणि दर फोनवर तेच उत्तर येतं.

"आहे तसाच. आता सवय झालीये रे."

एरवी मी "बरं" म्हणून पुढचं बोललो असतो. या वेळी काही क्षण काही बोललोच नाही. तिला वाटलं फोन कट झाला.

मंगळवारची ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट घेतली आहे. बाबा घेऊन जातील. ती कुरकुरतेय, "काही नाही निघणार." नाही निघालं तर उत्तमच. आमचे वरचे सांधेही चांगलेच निघाले होते.

चला, फार लांबलं. बोटांची सालं भरत आलीयेत. गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून आता गाडी एकदम गप्प जाते. मी मात्र खिडकी खाली करून, गाणी बंद करून जातो. बायको हसते. हसू दे.